‘भिंत बुडत नाही’ म्हणणाऱ्यांना

‘बँक बुडते, पतसंस्था बुडते, धंदा बुडतो, भिंत बुडत नाही.’ हे वाक्य अलीकडे आमच्या बीड जिल्ह्यात इतक्या वेळा कानी पडते की त्याला सुभाषिताची प्रतिष्ठा आली आहे. निवृत्त शिक्षक ते म्हणतो, परिचारिका म्हणते, दुकानदार म्हणतो. आणि मुंबई-पुण्याला नोकरी करून गावाकडे पैसे पाठवणारा मुलगाही आपल्या आईबापांना फोनवरून हेच ऐकवतो. मग गाठीची रक्कम, भविष्यनिर्वाह निधी, प्रसंगी मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले सोने, सारे काही एका प्लॉटात नाही तर पेठेतल्या एका जुन्या घरात जाऊन बसते. ‘दोन खोल्या काढू, भाड्याने देऊ, म्हातारपणी बसून खाऊ’, एवढीच त्यामागची योजना असते.

आमचा आक्षेप या योजनेला आहे. कोणी दुसरे घर घेऊच नये, असे आम्ही म्हणत नाही. राहायला घर हवे असणारी माणसे गावात आहेत आणि ते भाड्याने देणारे कोणी असले पाहिजे, हे उघड आहे. परंतु घर ही बसून खाण्याची वस्तू आहे, तिला श्रम लागत नाहीत, तिला धोका नाही आणि तिच्यासोबत कोणतीही जबाबदारी येत नाही, ही जी समजूत आपल्या कुटुंबांत मूळ धरू लागली आहे ती खोटी आहे, आणि ती दोन्ही बाजूंची माणसे मोडते: घर विकत घेणारा आणि त्यात राहायला येणारा. हे स्पष्ट शब्दांत मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

ही समजूत आत्ताच का बळावली, हे पाहण्यासाठी दूर जावे लागत नाही. बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेट या पतसंस्थेत २०२३ पासून ठेवीदारांचे पैसे अडकले आणि जिल्ह्यातील हजारो घरांची झोप उडाली. ज्यांनी पोटाला चिमटा घेऊन ठेवी ठेवल्या होत्या त्यांचा कागदावरचा विश्वास गेला, यात नवल नाही. पण या घटनेतून आपण चुकीचा धडा घेतला. बँकेतील ठेवीला २०२० पासून ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे आणि पतसंस्थेतील ठेवीला ते नाही, हा भेद ठेव ठेवतेवेळी कोणी विचारलाच नव्हता. विचारायचा प्रश्न होता तो असा: आपला पैसा कोणाच्या हाती जातो आणि त्याच्यावर देखरेख कोणाची? तो प्रश्न न विचारता माणसे पतसंस्थेच्या दारातून निघाली आणि प्लॉट विकणाऱ्याच्या दारात उभी राहिली. तेथेही त्यांनी तो विचारला नाही. दार बदलले, सवय तीच राहिली.

दुसरे निमित्त रेल्वेचे. अहिल्यानगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ साली मंजूर झाला. २०२२ मध्ये गाडी आष्टीपर्यंत आली आणि १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, ती बीडला पोहोचली. जिल्ह्याच्या आनंदात आम्हीही सहभागी आहोत. परंतु ‘रेल्वे आली, आता भाव दुप्पट’ असे सांगणाऱ्या दलालाला आम्ही एवढेच विचारू की हेच वाक्य १९९५ साली कोण बोलत होते? मंजुरीच्या बातमीवर त्या वर्षी ज्याने जमीन घेतली असेल त्याला पहिली शिट्टी ऐकायला ३० वर्षे लागली. तिशीत घेतलेल्याची साठी आली. एवढ्या काळात कर्जाचे व्याज थांबत नाही, कुंपण पडल्यावाचून राहत नाही, शेजाऱ्याचा बांध सरकल्यावाचून राहत नाही. विकासाची बातमी ही दलालाची भाकरी असते. घेणाऱ्याच्या ताटात ती केव्हा पडेल हे कोणी सांगू शकत नाही.

आता प्रत्यक्ष खरेदीकडे वळू. भिंत बुडत नाही असे म्हणणाऱ्यांनी भिंतीखालच्या जमिनीचा कागद एकदा तरी डोळ्यांखालून घालावा. बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. येथील कित्येक जुने दस्त उर्दूत आहेत, काही मोडीत आहेत, आणि ते वाचता येणारी माणसे दिवसेंदिवस कमी होत आहेत. येथे इनामी जमिनी आहेत. देवस्थानाच्या किंवा मशिदीच्या सेवेसाठी दिलेली खिदमतमाश जमीन सेवेकऱ्याला विकता येत नाही, हे ठाऊक नसलेला मनुष्य त्यावरचा प्लॉट हौसेने घेतो आणि पुढे आयुष्यभर कचेरीच्या पायऱ्या चढतो. सातबाऱ्यावरचे ‘इतर अधिकार’ हे सदर लहान अक्षरात असते. संसार बुडवण्याचे सामर्थ्य मात्र त्याच सदरात असते.

गुंठेवारीचा फास तर सर्वांच्या परिचयाचा आहे. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. गरिबाला परवडणारा तुकडा. शेतजमिनीचे असे तुकडे पाडू नयेत म्हणून १९४७ चा तुकडेबंदी कायदा आहे. तरी तुकडे पडत राहिले, म्हणून ते नियमित करण्यासाठी २००१ मध्ये गुंठेवारीचा कायदा आला. तोही पुरला नाही, म्हणून २०२१ मध्ये त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढवण्यात आली. आणि २०२५ मध्ये शासनाने तुकडेबंदीचे निर्बंध आणखी सैल करण्याचे पाऊल उचलले. या इतिहासाचा अर्थ लोक असा लावतात की ‘आज बेकायदा असले तरी उद्या सरकार करून देईलच’. आम्ही म्हणतो, असा अर्थ लावणे म्हणजे पुढच्या पुराच्या भरवशावर नदीत घर बांधणे होय. नियमित होण्यासाठी शुल्क भरावे लागते, नकाशा लागतो, रस्त्याला जागा सोडावी लागते; आणि तोवर त्या जागेवर ना बँकेचे कर्ज मिळत ना बांधकामाची परवानगी. बीडकरांना तरी नदीचा दाखला वेगळा द्यायला नको. १९८९ च्या जुलैत बिंदुसरेने काय केले ते ज्यांनी पाहिले त्यांचे डोळे अजून कोरडे झालेले नाहीत. तरीही पात्राच्या कडेचे स्वस्त घर दिसले की ‘एवढ्यात काही होत नाही’ असे म्हणणारे भेटतातच.

आणि इसार पावती, मुखत्यारपत्र, मुद्रांकावरचा मजकूर यांवर झालेले व्यवहार? १०० रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्ताशिवाय होत नाही, हे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातच आहे. मुखत्यारपत्राने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये पुन्हा बजावले. मोठ्या आखणीच्या प्लॉटांना २०१७ पासून महारेराची नोंदणी आवश्यक आहे. ५०० चौरस मीटरांहून अधिक जमिनीवर ८ हून अधिक प्लॉट पाडून विकणाऱ्याने तो क्रमांक दाखवलाच पाहिजे. तरीही ‘माणूस आपल्या ओळखीचा आहे’ या एका वाक्यावर लाखो रुपये हातचे जातात. ओळख हा दस्त नव्हे. विकणाऱ्याच्या बहिणींच्या सह्या आहेत का, एवढा साधा प्रश्नही भिडेपोटी विचारला जात नाही. आणि दहा वर्षांनी ती बहीण किंवा तिची मुले दारात उभी राहिली म्हणजे आपण त्यांना लोभी ठरवतो. तिचा हक्क आपण विकत घेतलाच नव्हता, हे सत्य कटू असले तरी सत्यच आहे. हाच प्रश्न उद्या आपल्या मागे आपल्याच घरात उभा राहतो. आम्हां ख्रिस्ती कुटुंबांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू आहे आणि मृत्युपत्र नसेल तर त्यात मुलगा व मुलगी यांचा वाटा समान आहे. दोन खोल्यांचे चार वारस झाले आणि कागद केलेला नसला, तर म्हातारपणाची ती काठी भावंडांच्या हातातील लाठी होते.

समजा, कागद स्वच्छ निघाला. आता घराकडे पाहू. जुन्या पेठेतील वाडा किंवा गावठाणातले माळवद स्वस्तात मिळते आणि ‘थोडी डागडुजी केली की झाले’ असे सांगितले जाते. माळवदाची रचना ज्यांनी जवळून पाहिली आहे ते असे म्हणणार नाहीत. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती, त्यांवर तुळया, तुळयांवर आडवी लाकडे व पाला, आणि त्यावर मातीचा थर. उन्हाळ्यात हे घर थंड राहते, हा त्याचा गुण. परंतु गळती थांबवण्यासाठी दर काही वर्षांनी वर माती चढवली जाते आणि छताचे ओझे वाढत जाते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला जमीन हलली तेव्हा हीच जड छते व याच सुट्या दगडांच्या भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे ८,००० माणसे गेली. ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. किल्लारी आमच्या अंबाजोगाईपासून काही फार दूर नाही. तरी आजही अशाच मातीच्या भिंतींवर सिमेंटचा स्लॅब टाकून, वर आणखी एक खोली चढवून, तिला ‘नूतनीकरण’ म्हणणारे ठेकेदार आहेत आणि ते मुकाट ऐकणारे मालकही आहेत. भिंतीला बाहेरून गिलावा केला, आतून रंग दिला, की भाड्याची पाटी लागते. आत राहायला येणाऱ्याला रंग दिसतो. भिंतीच्या पोटातली माती दिसत नाही. ती मालकाला ठाऊक असते.

येथे आम्हांस पवित्र शास्त्रातील एका साध्या नियमाचे स्मरण होते. अनुवाद या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात नवे घर बांधणाऱ्याला गच्चीला कठडा घालण्याची आज्ञा आहे. कोणी वरून पडून मेला तर त्या रक्ताचा दोष त्या घरावर येतो. एका कठड्याबद्दल शास्त्र इतके कठोर बोलते. मग मातीवर टाकलेल्या स्लॅबबद्दल, उघड्या वायरींबद्दल, कठड्यावाचूनच्या जिन्याबद्दल काय बोलावे? भाडे घेणाऱ्या प्रत्येकाने या प्रश्नाचे उत्तर स्वतःशीच द्यावे.

नवे बांधकाम करणाऱ्यांचीही वाट सोपी नाही. जिल्ह्याच्या मोठ्या भागात काळी चिकण माती आहे. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते, तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाया मुरमापर्यंत नेला नाही, तर त्याच भेगा दोन-तीन वर्षांत भिंतीवर चढतात. स्लॅबला आठवडा-दोन आठवडे भरपूर पाणी द्यावे लागते. आणि आपण बांधकाम काढतो ते नेमके उन्हाळ्यात, जेव्हा प्यायच्या पाण्याला टँकर लागतो. मग स्लॅब तहानलेला राहतो आणि पहिल्याच पावसात तो आपली तक्रार थेंबाथेंबाने सांगू लागतो. हे सारे निस्तरायला पैसा लागतो, आणि त्याहून अधिक लागते ती मालकाची उपस्थिती. वसईत किंवा पुण्यात बसून अंबाजोगाईतील गवंड्यावर देखरेख होत नाही.

आता हिशेब मांडू, कारण ‘बसून खाण्याची’ खरी कसोटी तेथेच लागते. मानू या की घर ३० लाखांचे आहे. मुद्रांक व नोंदणी यांचे सुमारे २ लाख, दुरुस्तीचे ३ लाख. एकूण ३५ लाख. भाडे महिना ८,००० रुपये. वर्षातून एक महिना खोली रिकामी राहतेच. म्हणजे ११ महिन्यांचे ८८,००० रुपये. घरपट्टी, पाण्याची मोटार, नळ, रंग, टाकीची सफाई, टँकर यांना २५,००० धरू. हाती राहिले ६३,००० रुपये, म्हणजे गुंतवलेल्या रकमेवर शेकडा १.८. हीच रक्कम साडेसहा टक्क्यांनी ठेवली असती तर २,२७,५०० रुपये आले असते. आणि ३५ पैकी २० लाख जर ९ टक्के व्याजाने काढले असतील, तर पहिल्या वर्षीचे व्याजच सुमारे १,८०,००० होते. म्हणजे घर ६३,००० देते आणि बँक १,८०,००० नेते. उरलेले मालक आपल्या पगारातून भरतो. याला बसून खाणे म्हणायचे की उभ्याने भरणे?

‘पण भाव वाढतो ना!’ असे उत्तर येते. वाढतो, कधी वाढतो, कधी दहा-दहा वर्षे हलत नाही. वाढलेला भाव घर विकल्याशिवाय हातात येत नाही. विकायला गिऱ्हाईक लागते, मिळालेल्या नफ्यावर कर असतो, आणि दवाखान्याच्या खर्चासाठी अर्धी खोली विकता येत नाही. शिवाय लहान गावातील भाडे एखाद्या संस्थेच्या जिवावर चालते. अंबाजोगाईत १९७४ पासूनचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, परळीला औष्णिक वीजकेंद्र आहे. २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी परळीचे केंद्र बंद ठेवावे लागले आणि २०१५ मध्ये तीच वेळ पुन्हा आली. केंद्राची चिमणी थंड पडली की कंत्राटी कामगाराची चूल गावातून उठते, आणि त्याच्या भरवशावर बांधलेल्या खोलीचे कुलूप गंजू लागते. २०१६ च्या एप्रिलात शेजारच्या लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, हेही विसरण्याजोगे नाही. मराठवाड्यात घरभाड्याचे खरे नाव पाणी आहे. ज्या घरात पाणी नाही तेथे भाडेकरू टिकत नाही, आणि ज्या वर्षी पाऊस नाही त्या वर्षी मालकाच्या साऱ्या आकडेमोडीवर पाणी पडते.

एवढे सगळे मालकाच्या हिताचे झाले. परंतु आमचा मुख्य वाद त्याच्या तोट्याशी नाही. तोटा ज्याचा त्याने सोसावा. वाद आहे तो घरात राहायला येणाऱ्या माणसाशी आपण कसे वागतो, याबद्दलचा.

मराठवाड्यात पूर्वी हैदराबाद राज्याचा १९५४ चा घरभाडे कायदा होता. तो, मुंबई प्रांताचा १९४७ चा आणि विदर्भातील १९४९ चा हुकूम, हे तिन्ही मोडीत काढून १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा झाला व ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याच्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा करार लेखी असला पाहिजे व नोंदवला पाहिजे, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदवला नाही, तर अटींविषयी भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. आणि मालकाला ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ‘अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही’ हा आपल्याकडे वेदवाक्यासारखा चालणारा समज आहे. या कायद्यापुढे तो टिकत नाही. ८,००० रुपये भाड्याच्या अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सचे मुद्रांक शुल्क पाव टक्क्याने २२० रुपयांच्या आसपास येते, आणि महानगरपालिका नसलेल्या आमच्या बीडसारख्या ठिकाणी नोंदणीचे ५०० रुपये. एकूण साडेसातशे रुपयांच्या आत दोन्ही घरांची झोप विकत मिळते. तरी आपण ते वाचवतो. का? कारण कागद नसला की कधीही ‘उद्या खोली खाली करा’ म्हणता येते, अनामत अडकवता येते, आणि उत्पन्न लपवता येते. या तीन सोयींना व्यवहार म्हणत नाहीत.

दुरुस्तीबाबतही तेच. कायद्याने घर सुस्थितीत ठेवणे मालकाचे काम आहे. नोटीस देऊनही त्याने ते केले नाही, तर भाडेकरूने दुरुस्ती करून तो खर्च वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत भाड्यातून कापून घ्यावा, अशीही तरतूद आहे. मालकाला पाणी किंवा वीज तोडता येत नाही. आणि एक गोष्ट फारशी बोलली जात नाही, ती आम्ही बोलतो. आयकराच्या हिशेबात, भाड्यातून घरपट्टी वजा जाता उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट मिळते. मालकाने प्रत्यक्षात किती खर्च केला हे कोणी विचारत नाही. घराच्या डागडुजीसाठी मालकाला खर्च येतो, हे गृहीत धरून दिलेली ही सवलत आहे. ती सवलत घ्यायची आणि गळक्या मोरीबद्दल भाडेकरूने तोंड उघडले की ‘परवडत नसेल तर दुसरीकडे बघा’ म्हणायचे, याला आम्ही सभ्य भाषेत दुटप्पीपणा म्हणतो.

‘भाडेकरू घर बळकावतात’, हा मालकांचा ठेवणीतला युक्तिवाद. तशी उदाहरणे घडतात, हे आम्हांस ठाऊक आहे. मुंबईतल्या जुन्या चाळींत गोठलेल्या भाड्यापायी मालकाने दुरुस्ती सोडली व इमारती खचल्या, हा इतिहासही आपल्या अनेक कुटुंबांनी गिरगाव-माझगावात सोसला आहे. परंतु यावरचा उपाय नोंदवलेला करार हाच आहे; तोंडी बोली हा त्या रोगाला दिलेला खुराक आहे. ज्याला भाडेकरूची भीती वाटते त्यानेच कागद आधी करावा.

आणखी एक भीती आहे, जी मोठ्याने बोलली जात नाही. खोली पाहायला आलेल्या माणसाला नाव विचारले जाते, मग आडनाव, मग गाव, आणि तेवढ्यावर समाधान झाले नाही तर खालच्या आवाजात ‘तुम्ही कोणते?’ असा प्रश्न येतो. मराठवाड्यातील ख्रिस्ती माणसाला या प्रश्नाची धार चांगली परिचित आहे. शिकून, शहाणे होऊन, दवाखान्यात रात्रपाळी करून, शाळेत फळ्यासमोर आयुष्य घालवूनही, ‘खोली कालच दिली’ हे उत्तर आपल्यापैकी कित्येकांनी रिकाम्या खोलीच्या दारात ऐकले आहे. ज्यांनी ते ऐकले आहे, त्यांनीच मालक झाल्यावर तेच उत्तर दुसऱ्याला द्यावे, यासारखी शोकान्तिका नाही. दलिताला नको, मुसलमानाला नको, पारध्याला तर नकोच, एकट्या राहणाऱ्या परिचारिकेला नको; मग भाडेकरू हवा कोण? आपल्यासारखाच दुसरा घरमालक?

याच जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल घेतलेली ती जोडपी पाच-सहा महिने फडाच्या कडेला कोपीत राहतात: बांबू, पाचट आणि वर प्लास्टिकचा कागद. गावातील त्यांच्या घराला कुलूप असते आणि मुले एक तर फडात नाही तर आजीच्या ओसरीवर असतात. तालुक्याच्या गावात महिना-दीड महिन्यासाठी, बाळंतपणासाठी किंवा मुलांच्या परीक्षेसाठी खोली मागायला असे कुटुंब आले, तर आपल्या किती खोल्यांची दारे उघडतात? या मुलांसाठी शासनाने २०२१ मध्ये संत भगवानबाबा वसतिगृह योजना आणली. शासनाने आणली म्हणून आपले कर्तव्य संपले, असे मानण्याचे कारण नाही.

२०११ च्या जनगणनेत भारतातील शहरांत सुमारे १ कोटी ११ लाख घरे रिकामी आढळली. आणि त्याच सुमारास, २०१२ मध्ये, सरकारी तज्ज्ञगटाने शहरांतील घरांची तूट १ कोटी ८८ लाखांच्या घरात असल्याचे सांगितले. त्या तुटीपैकी बहुतेक सारी गरीब व अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांची होती. एकीकडे कुलूप, दुसरीकडे कोपी. या दोन आकड्यांच्या मध्ये ‘भाव वाढेपर्यंत थांबू’ म्हणणारा गुंतवणूकदार उभा आहे, आणि तो परका नाही. तो आपल्याच बाकावर शेजारी बसलेला असतो.

पोप तेरावे लिओ यांनी १८९१ च्या आपल्या परिपत्रकात खाजगी मालकीच्या हक्काचा ठाम पुरस्कार केला आणि त्याच परिपत्रकात मालकी वेगळी व तिचा वापर वेगळा, हेही सांगितले. पोप सहावे पॉल यांनी १९६७ मध्ये तो हक्क बिनशर्त नाही, असे आणखी स्पष्ट केले. या दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या तर घरमालकाला पुरेसा मार्ग सापडतो. आपली मालकी कोणी हिरावून घेत नाही. तिच्यासोबत आलेली माणसे तेवढी आपल्याला सांभाळायची आहेत.

म्हणून दुसऱ्या घराच्या विचारात असलेल्या कुटुंबांना आमचे सांगणे थोडक्यात असे. म्हातारपणी खायला हवे असेल, तर सर्व रक्कम एका भिंतीत पुरू नका. विमा असलेल्या ठेवीत आधी वर्ष-दोन वर्षांचे अन्न ठेवा. घर घ्यायचेच असेल, तर गेल्या ३० वर्षांचे दस्त वकिलाकडून तपासून घ्या आणि बहिणींच्या सह्या पाहा. माळवद घेतले, तर आधी अभियंत्याला दाखवा, मग रंगाऱ्याला. करार नोंदवा, भाड्याची पावती द्या, अनामत वेळेवर परत करा. दाराशी आलेल्याला पगार विचारा, ओळखपत्र विचारा. जात विचारू नका. आणि घर रिकामे ठेवण्यापेक्षा हजार रुपये कमी भाड्याने एखादे कुटुंब आत येऊ द्या. रिकाम्या घराला वाळवी लवकर लागते, हे तर गवंडीही सांगेल.

हे सारे करण्याची ज्याची तयारी आहे त्याने खुशाल घर घ्यावे. त्याच्या घराला आमच्या शुभेच्छा आहेत. ज्याची नाही, त्याने ‘भिंत बुडत नाही’ हे वाक्य निदान दुसऱ्याला सांगू नये. मराठवाड्याने भिंती पुरात वाहताना पाहिल्या आहेत, भूकंपात कोसळताना पाहिल्या आहेत, आणि भाऊबंदकीत मधोमध चिरताना तर रोजच पाहतो आहे.